खांदे नीट घ्या

१२ जून

दादा,

पत्राच्या डोक्यावर मानाचे चार शब्द घालायचे असतात ते घालत नाही. तेवढा मी अजून निवळलेलो नाही. नुसतं दादा लिहिलंय, ते गोड मानून घे.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. एकतीस वर्षांनी पाहिलं तरी अक्षर ओळखलं. वहिनी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्यांना मी कधी पाहिलं नाही आणि 'वहिनी' हा शब्द त्यांच्यासाठी आज पहिल्यांदाच वापरतोय, तेव्हा किती वाईट वाटलं ते विचारू नकोस. कोणीही गेलं की वाटतं तेवढं वाटलं.

आता तू विचारलंस त्याबद्दल. उरलेले दिवस तुला आपल्या घरी काढायचे आहेत. 'मागच्या खोलीत एक खाट टाकली तरी पुरे,' असं लिहिलंयस. मागच्या खोलीत आता शिलाईची दोन मशीनं आहेत, कापडाचे तागे आहेत आणि इस्त्रीचं टेबल आहे. खाट टाकायची तर त्या टेबलावर टाकावी लागेल. तुझं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आता कशाला?' तिचं मत तेच माझं. लेक तिच्या संसारात सुखी आहे, तिला यात ओढायचं नाही.

इथेच सही करून मोकळा होणार होतो. पण काल एक सिनेमा पाहिला आणि डोकं फिरलं, म्हणून दुसरा कागद घेतला.

चौकातल्या थिएटरच्या दारवानांचे गणवेश यंदा आपण शिवले. मॅनेजर खूश होऊन दोन पास देऊन गेला. इंग्लंडच्या राजघराण्यावरचा सिनेमा, शंभरेक वर्षांपूर्वीच्या काळातला. मला वाटलं घोडे, तलवारी, बिगूल असतील. निघाली आपल्याच घरातली भानगड. थोरला भाऊ राजा होतो, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत म्हणतो, मला ही बाई हवी, राज्य नको. बाईची आधी दोन लग्नं झालेली, दरबाराला ती चालत नाही. तर हा पठ्ठ्या रेडिओवर एक भाषण ठोकतो आणि बोटीत बसून चालता होतो. मागे राहतो धाकटा. त्याला कोणी राज्य करायला शिकवलेलं नाही, त्याच्या ध्यानीमनी नाही, बिचारा बायकोमुलींना घेऊन आपला सुखात असतो. त्याला धरून गादीवर बसवतात.

आणि पुढचं ऐक. थोरल्याच्या राज्याभिषेकाची तारीख आधीच ठरलेली असते. ती तारीख कोणी बदलत नाही, नुसता माणूस बदलतात. अख्ख्या थिएटरमध्ये त्या जागी मी एकटा हसलो. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून माझ्याकडे बघितलं.

रेडिओवरचं भाषण सुरू झालं तशी आजूबाजूला नाकं ओढण्याचे आवाज यायला लागले. सगळे रडत होते ते थोरल्यासाठी. का, तर त्याने प्रेमासाठी गादी सोडली. सोडली कुठे? धाकट्याच्या डोक्यावर टाकून हात झटकले. पण टाकणाऱ्याचं कौतुक होतं आणि ज्याच्या टाळक्यात बसते त्याला कुत्रं विचारत नाही. त्या धाकट्याच्या अंगावरचा समारंभाचा झगा खांद्यात अर्धा इंच सैल होता. मी बायकोच्या कानाशी लागून म्हटलं, 'बघितलंस? दुसऱ्याच्या मापाचा चढवलाय. मीच आहे तो.'

बघतो तर तीही पदराने डोळे पुसत होती. तुझ्यासाठी पाहिलेली मुलगी, तुझ्याशी ठरलेल्या तारखेला माझ्याशी लग्न लागलेली, एकतीस वर्षं माझ्या शेजारी नांदलेली, ती माझ्याच खुर्चीला खुर्ची लावून सोडून जाणाऱ्यासाठी रडत होती.

म्हणून म्हणतो, येऊ नकोस.

धाकटा


२१ जून

दादा,

उलट टपाली उत्तर पाठवलंस. पूर्वी एवढी घाई एकाच कामात केली होतीस.

'ती खरंच असं म्हणाली का?' असं विचारलंयस. म्हणाली नाही. तिला पत्र दाखवलंच नाही, तू लिहिलंयस हेही तिला माहीत नाही. का दाखवलं नाही ते तुझं तुला कळायला हवं. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर बाबांच्या जुन्या पत्रातल्या चार ओळी तू उतरवून पाठवल्यास. बाबांनी तुला पत्र लिहिलं होतं हे मला आत्ता, साठीकडे झुकल्यावर कळतंय. तुला वाटलं, त्या ओळी वाचून मला बरं वाटेल, भावाभावांतलं मिटेल. तुझा हेतू चांगलाच असेल, तुझे हेतू नेहमीच चांगले असतात. पण त्या ओळी माझ्या बायकोच्या नजरेस पडल्या तर माझा संसार उठेल. पुन्हा लिहिशील त्यात बाबांचा एक शब्दही उतरवू नकोस.

कारण आमच्या घरात त्या लग्नाची एकच गोष्ट चालते. तिला, लेकीला, आपल्या म्हाताऱ्या काजवाल्याला, ज्याने निम्मं आयुष्य आपल्याकडे बटणांची काजं करण्यात घालवलं, सगळ्यांना तीच माहीत आहे. तूही ऐकून ठेव, उद्या कोणी विचारलं तर दोघांची जबानी जुळायला हवी.

लग्नाला दहा दिवस असताना तू वहिनींचा हात धरून गेलास. कापायच्या टेबलावर कात्रीखाली दोन चिठ्ठ्या ठेवल्या होत्यास, एक बाबांना आणि एक मला. माझ्या चिठ्ठीत होतं, 'दुकान सांभाळ, बाबांना जप.' मला बाहेरगावी नकाशे काढायच्या शाळेत प्रवेश मिळाला होता हे तुला ठाऊक होतं. तुझ्या लग्नानंतरच्या सोमवारी मी निघणार होतो. हॉल घेतलेला, पत्रिका वाटून झालेल्या, मुलीच्या वडिलांनी ऐकलं आणि ते आपल्या ओट्यावर मटकन बसले. बाबांनी तुझ्यासाठी शिवलेला लग्नाचा कोट खुंटीवर तयार होता. तो त्यांनी काढला, माझ्या अंगात चढवला, खांद्यात आणि पाठीत आत घेतला. तारीख तीच राहिली आणि आत मी गेलो. मला कोणी विचारलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते आपोआप तोंडातून निघतं.

तुला खोटं कशाला सांगू, त्या वाक्याचा मला उपयोग खूप झाला. लग्नानंतर तिला कॉलेजचं राहिलेलं शेवटचं वर्ष पूर्ण करून परीक्षा द्यायची होती. मी म्हटलं, माझी शाळा सुटली ती कोणामुळे? तिने पुस्तकं माळ्यावर टाकली. लेकीच्या वेळी तिला सहा महिने माहेरी राहायचं होतं. मी म्हटलं, त्या दिवशी मी उभा राहिलो नसतो तर माहेरी तोंड दाखवायला जागा उरली असती का? दोन महिन्यांत परत आली. वाद मोठा असला की मी हळू आवाजात म्हणतो, 'मी काही माझ्या मर्जीने या घोड्यावर बसलो नव्हतो.' मग ती उठून चहा ठेवते. मारणं नाही, शिवीगाळ नाही, दारूच्या थेंबाला शिवलो नाही. चारचौघांत माझं नाव चांगलं आहे.

तू मात्र येऊ नकोस. तू समोर आलास आणि जेवताना सहज बोलून गेलास तर मी तोंडावर पडेन. पोटात काही राहत नाही तुझ्या, लहानपणापासून.

धाकटा


३० जून

दादा,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितोय.

काल थिएटरचा दारवान बाहीचं बटण तुटलं म्हणून गणवेश घेऊन आला. बटण लावून घेता घेता म्हणतो, 'मास्तर, वहिनींना आमचा सिनेमा फार आवडलेला दिसतो. गुरुवारी आल्या होत्या, काल पण आल्या.' मी सुईत दोरा ओवत होतो, तो ओवला जाईना. म्हटलं, 'हो, तिला इतिहासाची आवड आहे.' तो म्हणाला, 'पण पुरा बघत नाहीत. मध्यंतराच्या आधीच उठून जातात.'

गुरुवारी मला सांगून गेली होती की बहिणीकडे जाते. काल म्हणाली होती, दवाखान्यातून गोळ्या आणते. आणल्याही होत्या गोळ्या, नाही असं नाही.

आता मी काय समजायचं ते तूच सांग. एकतीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोललेली मला माहीत नाही. बोलली ती कशासाठी, तर राजेपणाला लाथ मारून जाणारा तो चिकणा पुन्हा पुन्हा बघायला. रडू आवरत नसेल म्हणून मध्यंतराआधी उठत असेल, दिवे लागल्यावर ओळखीचं कोणी बघेल या भीतीने. माझ्या डोक्यात हे आधीपासून होतं, तुला म्हणून सांगतो. जेवायला वाढताना ती जरा थांबली, खिडकीतून बाहेर बघत राहिली, की मला वाटायचं, आली स्वारी हिच्या मनात. तू गेल्यापासून या घरात होतासच. माझ्या ताटात तू जेवलास, माझ्या अंथरुणात तू झोपलास. लेकीचं नाक तुझ्यासारखं सरळ आहे, घराण्याचंच नाक ते, तरी ती लहान असताना मी त्या नाकाकडे बघून चिडायचो. हे वाचून हसू नकोस.

काल संध्याकाळी मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. ती भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं, 'कोणाकडून तरी कळलं, दादाची बायको वारली.'

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, 'अरेरे. आजारी होत्या?'

'असेल. दादा आता एकटाच आहे.'

'वय झालं की एकटेपण जड जातं,' असं म्हणाली, आणि मग, 'मिठाचा डबा भरून ठेवलाय, वरच्या फळीवर.'

यातून काय घ्यायचं? चेहरा इतका कोरा ठेवता येतो तो आतलं काही दिसू नये म्हणूनच ना? मी तर म्हणतो, ये तू. ये आणि घेऊन जा तुझी गादी. बघू तरी एकदा समोरासमोर. मी नकाशे काढायला जातो. या वयात कोणी घेत असेल तर.

धाकटा


८ जुलै

दादा,

तिने वाचलं.

तू केलंस असं म्हणायची फार इच्छा आहे, पण तू केलं नाहीस. माझ्या अतिशहाणपणाने झालं.

आपली मापांची जाडजूड वही तुला आठवत असेल. गिऱ्हाईकाला एक पान, वरती नाव आणि खाली छाती, कंबर, पाठ, बाही. दर खेपेला नवीन माप जुन्याच्या खाली. गेली वीस वर्षं ती वही बायको लिहिते, मी टेप धरून आकडे बोलतो. तुझं पहिलं पत्र मी त्याच वहीत ठेवलं होतं, जुन्या वकीलसाहेबांच्या पानाला. वकीलसाहेब वारून चार वर्षं झाली. मेलेल्या गिऱ्हाइकाचं पान कोणी उघडत नाही, हा माझा हिशेब.

रविवारी वकीलसाहेबांचा मुलगा आला. वडिलांचा काळा कोट घेऊन. त्याला तो स्वतःच्या मापाचा करून हवा होता, वडिलांची आठवण म्हणून अंगावर घालायला. मी बाहेर कापड बघायला गेलो होतो. बायकोने जुनं माप बघायला म्हणून पान उघडलं.

मी आलो तेव्हा वकिलाचा मुलगा गेला होता. काजवाल्याला तिने घरी पाठवलं होतं. ती माझ्या स्टुलावर बसली होती आणि चष्मा लावून वाचत होती. मला बघूनही उठली नाही. म्हणाली, 'बसा. तुम्हाला वाचून दाखवते.' आणि तू उतरवलेल्या बाबांच्या ओळी तिने मला मोठ्याने वाचून दाखवल्या, बाई शाळेत धडा वाचतात तशा, कुठेही न अडखळता.

त्या ओळी आता लपवून काय करू. 'धाकट्याला तुझा कोट घालून उभा केला. त्याला म्हटलं, तुझ्या मनात नसेल तर मी कोटाला कात्री लावत नाही. हॉलवर जाऊन सगळ्यांसमोर हात जोडीन, माझा मी निस्तरीन, तू तुझ्या शाळेला जा. त्याने क्षणभरही घेतला नाही. म्हणाला, बाबा, खांदे नीट घ्या. मी टाचण्या लावत होतो तर मान वळवून आरशात पाठ कशी बसते ते बघत होता. तू पळालास त्याचं दुःख आहेच, पण हा खुशीने उभा राहिला, तेवढा जिवाला आधार.'

वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

'आरशात बघत होतात?' तिने विचारलं.

मी म्हटलं, 'हो.'

'मग मला का सांगितलंत, कोणी विचारलं नाही म्हणून?'

तुला खरं सांगतो. तुझ्यासाठी तिला बघायला गेलो तेव्हा मी बाबांच्या मागे बसलो होतो. तिने मला पाण्याचा पेला दिला आणि तो रिकामा होता. घाईत भरायचा राहिला होता. तिच्या ते लक्षात आलं, तशी ओठ दाबून हसली आणि आत पळाली. मी त्या रिकाम्या पेल्यातून प्यायल्यासारखं केलं. तू ते पाहिलंही नाहीस, तुझं लक्ष भलतीकडेच होतं. त्या दिवसापासून मला ती हवी होती. तू गेलास तेव्हा घरात सगळे डोक्याला हात लावून बसले होते आणि मी माडीवर जाऊन उशीत तोंड खुपसून हसलो होतो. नकाशे, शाळा, सगळं एका क्षणात विसरलो. पण लग्नानंतर सगळे मला बिचारा म्हणायला लागले, तिच्या वडिलांनी माझे पाय धरले, आणि मला ते आवडलं. आवडलेली बायको मिळाली हे कबूल केलं असतं तर मी तिच्यापुढे साधा नवरा झालो असतो. उपकार करणारा झालो तो असा.

यातलं मी तिला अर्धंमुर्धं सांगितलं. पेल्याचं सांगितलं तेव्हा वाटलं, हसेल. ती म्हणाली, 'मला आठवत नाही.'

मग मी चिडलो. माझंच चुकलेलं असलं की मी आधी चिडतो. म्हटलं, 'माझं सोड, तू काय करत होतीस? तीन-तीनदा सिनेमाला. त्याच्यासाठी रडायला ना?'

'कोणासाठी?'

'थोरल्यासाठी. दादासाठी.'

ती माझ्याकडे बघत राहिली. वेड्याकडे बघतात तशी नाही, दमलेल्या माणसाकडे बघतात तशी. 'तुमच्या दादांना मी दोनदा पाहिलं होतं,' ती म्हणाली. 'रस्त्यात समोर आले तर ओळखणार नाही. इतकी वर्षं तुम्ही हे डोक्यात घेऊन बसलात?'

'मग कशासाठी गेलीस?'

'सुरुवातीला तो धाकटा त्या मुलीला विचारतो बघा. राजाचा मुलगा. ती नाही म्हणते. पुढे पुन्हा विचारतो, तरी नाही म्हणते. तिचे आईवडील तिथेच राहतात, घर तिथेच राहतं, कोणाची लाज जात नाही, तिला कोणी कोंडत नाही. चहा पितात सगळे. नंतर तिला वाटतं तेव्हा ती हो म्हणते.' तिने तुझं पत्र घडी घालून पुन्हा वकीलसाहेबांच्या पानात ठेवलं. 'तेवढंच बघायला जात होते. पुढे तुम्हा भावांचं सुरू होतं, त्यात मला गोडी नाही.'

मी काहीतरी बोललो. तुझंही लग्न तुला विचारूनच ठरलं असेल, वगैरे.

'मला?' ती म्हणाली. 'मी केस धूत होते. आई मोरीच्या दाराशी आली आणि म्हणाली, मुलगा बदललाय, तारीख तीच आहे, नशीब समज. डोळ्यांत साबण होता माझ्या. तो धुऊन मी बाहेर येईपर्यंत आई निघून गेली होती. तुमच्या बाबांनी तुम्हाला विचारलं. तुमच्या दादांनी स्वतःचं स्वतः ठरवलं. मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, आणि ऐकवायचात तुम्ही मला.'

यापुढे मला लिहवत नाही.

धाकटा


१५ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं. 'माझ्यामुळे झालं, मी माफी मागतो' असं लिहिलंयस. नको मागूस. माफीचं श्रेयसुद्धा तूच घेऊन जाणार का?

आठवडाभर घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं. चहा, जेवण, दुकानात येणं, वहीत मापं लिहिणं. बोलणं कामापुरतं. मी दोनदा समजूत घालायला गेलो. 'झालं गेलं' असं म्हणायला लागलो की ती म्हणायची, 'बटणं संपलीत.' लेकीचा फोन आला तर तिच्याशी रोजच्यासारखं बोलली. मला वाटलं, जिरेल हळूहळू, बायकांचं जिरतं. इतकं होऊनही मला हेच वाटलं, यावरून मला ओळख.

काल दुपारी दुकानात दोघंच होतो. काजवाला जेवायला गेला होता. मी टेबलावर कापड आखत होतो, ती समोर बसून वकिलाच्या मुलाच्या कोटाला आतून तुरपाई घालत होती. मान वर न करता म्हणाली, 'मला विचारा.'

'काय?'

'तेव्हा विचारायला हवं होतं ते.'

मी म्हटलं, 'आता? या वयात? लेकीचंसुद्धा लग्न होऊन गेलं.'

'तुम्हाला वेळ नसेल तर राहू द्या.'

मी खडू खाली ठेवला. गळ्यात टेप होता तो काढून ठेवला. का ते माहीत नाही, पण टेप गळ्यात ठेवून विचारणं बरं दिसलं नसतं. टेबलाला वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. दारावरून माणसं येत-जात होती. दादा, मी हजारो लोकांना 'सैल हवं की घट्ट' विचारलंय, पण हे विचारताना दोनदा खाकरलो. मग म्हटलं, 'माझ्याशी लग्न करशील का?'

तिने सुई कापडात टोचून ठेवली. हात मांडीवर घेतले. ती खरोखर विचार करत होती. माझ्याकडे बघत होती, केसांकडे, हातांकडे, सगळं एकेक करून. मला आशा होती, हे तुला लिहायला लाज वाटते, पण होती. वाटलं, एकतीस वर्षं, लेक, दोन आजारपणं, तिच्या वडिलांना मी शेवटी खांदा दिला, काहीतरी धरेलच ना ती.

'नाही,' ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही, रागाचा तर मुळीच नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला आपण सांगतो ना, हे कापड नाही आपल्याकडे, तसं म्हणाली.

मी विचारलं, 'का?'

'का ते सांगावं लागत नाही. त्या मुलीने कुठे सांगितलं होतं?'

मग तिने सुई उचलली आणि राहिलेली बाही पूर्ण केली. मी उभाच होतो. म्हटलं, 'मग आता काय करायचं? तू जाणार आहेस का?'

'कुठे जाऊ? हे माझंही घर आहे, दुकानही माझं आहे. वीस वर्षं वही मी लिहिते.' दोरा दाताने तोडला. 'मागची खोली मला लागेल. मशीनं पुढे आणू. आणि तुमच्या दादांना कळवून टाका, यायचं असेल तर या म्हणावं. घर त्यांच्या वडिलांचं आहे, मी कोण नाही म्हणणारी. पण त्यांचं करायला मला धरू नका. तुमचं तुम्ही दोघे भाऊ बघा.'

तेव्हा ये. येताना पांघरूण घेऊन ये, इथे जास्तीचं नाही. माझ्याच खोलीत तुझी खाट पडेल. दोघे पडल्या पडल्या एकमेकांना दोष देऊ, तुझा कोट, माझा कोट, गादी कोणाची आणि डोकं कोणाचं. तिला त्यातलं काही ऐकायचं नाही, तेव्हा दार लावून बोलावं लागेल.

आज सकाळी मशीनं पुढे सरकवली. ती मागच्या खोलीत केर काढत होती. मी मशीनचा पट्टा बसवत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. ती गुणगुणत होती. दादा, एकतीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलेलं नाही. मला माहीतच नव्हतं की तिला गाता येतं. चांगला आवाज आहे, जरा बसका, पण सुरात. काजवाल्याने काम थांबवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'आज वहिनींचा मूड चांगला दिसतोय.' मी हो म्हटलं. त्याला कसं सांगू, की हिला आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणायला मिळालंय, आणि ती ज्याला नाही म्हणाली तो मी आहे.

धाकटा